कॉम्प्युटरवरचे फोटो पुढे जात नाहीत? अडचण नेमकी कुठे आहे ते शोधण्याची रीत

फोटो पाठवताना येणाऱ्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. ‘जातच नाहीत’, ‘गेले पण उघडत नाहीत’, ‘उघडले पण धुरकट दिसतात’. तिन्हींवर लोक एकच उपाय करतात, तो म्हणजे पुन्हा पाठवून पाहणं. त्याने बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण या तिन्हींची कारणं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. पहिलं कारण मूळ फाइलमध्ये किंवा वाटेत असतं, दुसरं फाइलच्या प्रकारात आणि तिसरं पाठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये. म्हणून आधी ठिकाण शोधायचं आणि दुरुस्ती मग.

ठिकाण शोधायला एकच फोटो पुरतो. चारशे फोटोंचा गठ्ठा बाजूला ठेवा. त्यातला एक घ्या, कॉम्प्युटरवर उघडा आणि शंभर टक्के आकारात पाहा. पूर्ण उघडला तर तो स्वतःच्याच इमेलवर पाठवा आणि फोनवर उघडा. तिथेही नीट दिसला, पण समोरच्याला दिसत नसेल, तर अडचण त्यांच्या बाजूला आहे किंवा परवानगीत आहे. एक फोटो जातो पण चारशे जात नाहीत, तर अडचण आकाराची किंवा वेगाची. एकही जात नाही, तर फाइलपासून सुरुवात करा.

फोटो खरोखर कॉम्प्युटरवर आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण हल्ली सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. फोल्डरमध्ये छोटं चित्र दिसतं म्हणजे फाइल डिस्कवर आहेच असं नाही.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फाइली इंटरनेटवर ठेवण्याची सोय) चालू असेल तर फाइलच्या ‘स्टेटस’ रकान्यात पाहा. निळ्या ढगाची खूण म्हणजे फोटो फक्त सर्व्हरवर आहे, तुमच्याकडे त्याची नुसती पाटी आहे. पांढऱ्या वर्तुळात हिरवी टिक म्हणजे फाइल सध्या डिस्कवर उतरलेली आहे, पण जागा कमी पडली तर ती पुन्हा ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी टिक म्हणजे कायमची डिस्कवर. ढगवाली फाइल इमेलला जोडायला गेलात आणि इंटरनेट बंद किंवा मंद असेल, तर जोडणी अडकते किंवा चूक दाखवते. उपाय सोपा आहे. फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळ्या खुणा भरीव हिरव्या होईपर्यंत थांबा आणि मगच पाठवायला घ्या.

मॅकवर हीच गोष्ट आयक्लाउड फोटोजमध्ये होते. ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल तर डिस्कवर लहान प्रती राहतात आणि मूळ फोटो सर्व्हरवर. फोटोज अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये आयक्लाउड या भागात जाऊन ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ निवडा. फोटो बाहेर काढताना फाइंडरमधून लायब्ररीच्या पोटात शिरून फाइली उचलू नका. अ‍ॅपमधल्या ‘फाइल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ करा.

आणखी एक साधी फसगत आहे. फाइलचा आकार एक-दोन केबी दिसला तर तो फोटो नव्हे, शॉर्टकट आहे. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट पेनड्राइव्हवर कॉपी होतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो अर्थातच उघडत नाही आणि दोष पेनड्राइव्हला मिळतो. बारा मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे ४००० बाय ३००० पिक्सेलचा जेपीजी फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. हा आकडा लक्षात राहिला की गडबड नजरेनेच कळते.

फोटोचा वरचा अर्धा भाग ठीक आणि खालचा करडा दिसत असेल, तर फाइल अर्धवट कॉपी झाली आहे. कार्डावर किंवा फोनमध्ये मूळ फोटो असेल तर पुन्हा कॉपी करा आणि दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते ‘प्रॉपर्टीज’मध्ये पाहा. कार्डावरचीच फाइल बिघडली असेल तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. नवीन फोटो जुन्यांच्या जागेवर लिहिले जातात. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम अशा कार्डावरून फोटो शोधून काढतो. निघालेले फोटो मात्र त्याच कार्डावर न ठेवता कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवा.

फोनमधून आणि कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर आणताना

फोन जोडला आणि चार्ज होतो, पण कॉम्प्युटरवर दिसत नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. अनेक स्वस्त केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. केबल बदलूनही जमलं नाही तर अँड्रॉइड फोनवर वरून खाली सरकवून यूएसबीची सूचना उघडा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. बहुतेक फोन पहिल्यापासून फक्त चार्जिंगवर असतात. आयफोनवर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर’ला होकार द्यावा लागतो, तोही फोन अनलॉक केलेला असताना.

आयफोनमधून विंडोजवर कॉपी करताना मध्येच ‘अ डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टिम इज नॉट फंक्शनिंग’ असा संदेश येतो आणि काम थांबतं. इथे केबल बिघडलेली नसते. फोन प्रत्येक फोटो पाठवता पाठवता जेपीजीमध्ये बदलत असतो आणि त्या बदलात गाडी अडते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोज या विभागात (नव्या आवृत्त्यांमध्ये तो ‘अ‍ॅप्स’च्या आत असतो) अगदी तळाशी ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ आहे. तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ करा. फोटो मग हाइक (एचईआयसी) या आयफोनच्या फाइल-प्रकारात येतील. त्यांचं काय करायचं ते पुढे येतंच.

एका वेळी हजारो फोटो ओढू नका. फोन आणि विंडोजमधली ही जोडणी मोठ्या गठ्ठ्याला दमते. दोनशे-दोनशेचे गट करा. आणि ‘कट’ कधीच नाही, नेहमी ‘कॉपी’. फोनमधले फोटो पुसायचे ते कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्यानंतर.

कॅमेऱ्याच्या बाबतीत केबलपेक्षा कार्ड रीडर बरा. कार्ड दिसत नसेल तर त्याची क्षमता पाहा. एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत असतं. दहा-बारा वर्षं जुना रीडर ६४ जीबीचं कार्ड ओळखत नाही किंवा ‘फॉर्मॅट करा’ असं सुचवतो. तेव्हा फॉर्मॅटला होकार देऊ नका, रीडर बदला. कार्डावरून फोटो पुसता येत नसतील तर कार्डाच्या कडेची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकलेली आहे का ते बघा.

कॅमेरा फोटोंना क्रमांकाने नाव देतो आणि तो क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे दोन वेगळ्या सहलींच्या फोटोंची नावं तंतोतंत सारखी निघू शकतात. एकाच फोल्डरमध्ये टाकताना विंडोज ‘रिप्लेस’ करू का असं विचारतं आणि घाईत ‘हो’ म्हटलं की जुने फोटो गेले. प्रत्येक वेळी तारखेचा नवा फोल्डर करा.

‘उघडत नाही’ म्हणजे बहुधा हाइक

२०१७ साली आयओएस ११ आलं, तेव्हापासून आयफोन फोटो हाइक या प्रकारात साठवतो. जेपीजीच्या जवळपास निम्म्या जागेत तेवढाच चांगला फोटो मावतो, म्हणून प्रकार चांगलाच आहे. पण जुना विंडोज कॉम्प्युटर, टीव्ही, डिजिटल फोटो फ्रेम, छपाईचं यंत्र आणि फोटो मागणाऱ्या कित्येक वेबसाइटी तो घेत नाहीत.

फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिणं हा उपाय नाही. पेटीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली वस्तू बदलत नाही. उलट त्यामुळे पुढच्या माणसाला खरा प्रकार कळेनासा होतो. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट लपवलेलं असतं. ते दिसण्यासाठी फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ही सोय कायम चालूच ठेवावी, पुढचे बरेच घोळ वाचतात.

विंडोजवर हाइक बघण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधल्या दोन जोडण्या लागतात. ‘हीफ इमेज एक्स्टेन्शन्स’ मोफत आहे आणि नव्या विंडोजवर बहुधा आधीच असते. दुसरी ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ विकत घ्यावी लागते. पहिली असूनही फोटो उघडत नाही याचं कारण दुसरी नसणं हेच असतं. हाइकचं बाहेरचं आवरण हीफ या पद्धतीचं असतं, पण आतलं चित्र एचईव्हीसी या व्हिडिओच्या पद्धतीने दाबलेलं, म्हणजे आकाराने लहान केलेलं असतं.

पाठवायच्या फोटोंसाठी मात्र जेपीजी करणंच शहाणपणाचं. विंडोजच्या फोटोज अ‍ॅपमध्ये किंवा पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’मधून जेपीजी निवडा. मॅकवर, मॉन्टेरी या २०२१ च्या आवृत्तीपासून, फाइंडरमध्ये हवे तेवढे फोटो एकदम निवडून राइट-क्लिक करा, ‘क्विक अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘कन्व्हर्ट इमेज’ घ्या. तिथेच प्रकार आणि आकार दोन्ही निवडता येतात आणि मूळ फाइलला हात लागत नाही. ही कटकट कायमचीच नको असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग ‘फॉर्मॅट्स’, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’. यापुढचे फोटो जेपीजी येतील, जागा मात्र दुप्पट खातील.

आयफोनवरून येणाऱ्या दोन जोडफाइलींमुळेही गोंधळ होतो. एमओव्ही म्हणजे लाइव्ह फोटोतली हालचाल. एएई म्हणजे फोनवर केलेल्या बदलांची नोंद. ती फाइल एकटी कुणाला पाठवून उपयोग नाही. फोनवर कापून-रंगवून ठेवलेला फोटो कॉम्प्युटरवर मूळ रूपातच दिसला, तर कारण हेच आहे.

कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइली म्हणजे सीआर२, सीआर३, एनईएफ, एआरडब्ल्यू वगैरे. संपादन करणाऱ्याखेरीज कुणालाही त्या पाठवू नका. एकेक फाइल वीस-पंचवीस एमबीची किंवा त्याहून मोठी असते आणि समोरच्याकडे ती उघडेल याची खात्री नसते.

इमेल: आकड्यांचा खेळ

जीमेलवर एका इमेलला २५ एमबीपर्यंत जोडता येतं. त्यापुढे गेलात तर ते आपोआप ड्राइव्हची लिंक करून देतं. पण २० एमबीचे फोटो जोडूनही इमेल परत येतं, ते का? इमेलची यंत्रणा मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेली आहे. फोटो पाठवण्यासाठी त्याच्या प्रत्येक तीन बाइटची चार अक्षरं करावी लागतात. शिवाय ओळी तोडण्याचा थोडा भार. त्यामुळे जोडलेली फाइल प्रवासात ३५ टक्क्यांच्या आसपास फुगते आणि २० एमबीचे २७ एमबी होतात. अनेक सर्व्हर या फुगलेल्या आकारावर मर्यादा लावतात, आणि ती पाठवणाऱ्याची वेगळी, घेणाऱ्याची वेगळी. कार्यालयांच्या इमेलवर १० एमबीचीच मर्यादा सर्रास आढळते. म्हणून एका इमेलमध्ये ७ एमबीच्या आत राहिलात तर बहुतेक सगळीकडे पोहोचेल.

परत आलेलं इमेल वाचल्याशिवाय पुसू नका. इंग्रजी मजकूर लांबलचक असला तरी कामाचे असतात ते फक्त तीन आकडे. ५.३.४ म्हणजे इमेल फार मोठं आहे. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरली आहे, तुम्ही कितीही लहान केलं तरी आत्ता जाणार नाही. ५.१.१ म्हणजे पत्ताच चुकला. यातला दुसरा प्रकार हल्ली वाढला आहे. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि १ जून २०२१ पासून दाबून चढवलेले फोटोही त्यात मोजले जातात. म्हणजे एखाद्याचे स्वतःचेच फोटो इतके साठतात की तुमचं इमेल घ्यायला जागा उरत नाही.

झिप केल्याने फोटो लहान होतात हा समज सोडून द्या. जेपीजी आधीच दाबलेला असतो, त्यातून आणखी एखादा टक्का निघाला तर निघाला. झिपचा खरा उपयोग पुष्कळ फाइलींचं एक गाठोडं करण्याचा. तसंच, फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून पाठवू नका. तिथे फोटो बारीक होऊ शकतात आणि बाहेर काढणं समोरच्याला त्रासाचं.

लहान करायचंच असेल तर पिक्सेल कमी करा. किती, ते फोटोच्या कामावरून ठरवा. नुसता पडद्यावर पाहायचा असेल तर लांब बाजू २०४८ पिक्सेल पुष्कळ झाली. जेपीजीचा दर्जा ८० ते ८५ ठेवला तर असा फोटो साधारण एक एमबीच्या आतच राहतो. छापायचा असेल तर इंचाला ३०० पिक्सेल धरा. चार बाय सहा इंचांसाठी १२०० बाय १८०० आणि आठ बाय दहासाठी २४०० बाय ३०००. त्याहून मोठी छपाई असेल तर लहान करूच नका, मूळ फाइल लिंकने पाठवा.

विंडोजवर पुष्कळ फोटो एकदम लहान करायला मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधला ‘इमेज रिसायझर’ सोपा आहे. बसवल्यावर तो राइट-क्लिकच्या मेनूतच येतो. इरफानव्ह्यू हा फोटो पाहण्याचा प्रोग्रॅम वापरत असाल तर पायऱ्या अशा:

१. मूळ फोटोंचा फोल्डर तसाच ठेवून ‘पाठवायचे’ नावाचा नवा फोल्डर करा.
२. इरफानव्ह्यू उघडून कीबोर्डवर ‘बी’ दाबा. एकगठ्ठा बदलाची खिडकी उघडेल.
३. फोटो बदलायच्या फाइलींच्या यादीत घ्या, प्रकार जेपीजी ठेवा, त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये दर्जा ८५ करा.
४. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘रिसाइझ’वर टिक करून लांब बाजू २०४८ लिहा. लहान फोटो उगाच मोठे न करण्याची टिकही तिथेच आहे, ती लावा.
५. बाहेर पडणाऱ्या फाइलींसाठी ‘पाठवायचे’ हा फोल्डर निवडा आणि मग सुरू करा.

पाचवी पायरी चुकली आणि मूळ फोल्डरच निवडला गेला तर मूळ फोटोंवर लहान फोटो चढू शकतात. ते परत येत नाहीत. मॅकवर प्रिव्ह्यूमधून आकार बदलतानाही हाच धोका आहे, कारण प्रिव्ह्यू न विचारता सेव्ह करत जातं. तिथे आधी प्रती काढा. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करत राहिलात तर प्रत्येक वेळी थोडा दर्जा जातो, तेव्हा लहान करायचं ते नेहमी मूळ फाइलवरून, एकदाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर धुरकट का होतात

व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवलेली प्रत्येक गोष्ट दाबतं. साध्या दर्जात लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते, आणि २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायात त्याहून बरंच जास्त राहतं, पण मूळ फाइल तीही नव्हे. कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मूळ फाइल पाठवायची तर जोडणीच्या खुणेवर जाऊन ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा. अशी एक फाइल २ जीबीपर्यंत चालते. फोटो खिडकीत ओढून टाकलात तर तो ‘फोटो’ म्हणूनच जातो, हे विसरू नका. टेलिग्राममध्येही फोटो दाबला जातो. तिथे पाठवताना दाबण्याची टिक काढून फाइल म्हणून पाठवा.

एकदा दाबलेला फोटो पुढे फॉरवर्ड करून मूळ दर्जा परत मिळत नाही. छपाईसाठी कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दिला तर काढणाऱ्याकडूनच मूळ फाइल मागवा.

लिंक पाठवली तेव्हा

पन्नासहून जास्त फोटो असतील तर इमेल आणि चॅटच्या फंदात पडूच नये. ड्राइव्ह, गूगल फोटोज, वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर फोल्डर चढवून लिंक द्यावी. इथे दोन गोष्टी बिघडतात, चढवणं आणि परवानगी.

चढवायला किती वेळ लागेल ते आधीच काढा. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये आठ बिट. ४ एमबीचे ४०० फोटो म्हणजे १६०० एमबी, म्हणजे १२,८०० मेगाबिट. चढवण्याचा वेग १० एमबीपीएस असेल तर २१-२२ मिनिटं, २ एमबीपीएस असेल तर पावणेदोन तासांच्या वर. पुष्कळ जोडण्यांमध्ये उतरवण्याचा वेग मोठा आणि चढवण्याचा फार कमी असतो. व्हिडिओ झकास चालतो म्हणून अपलोडही वेगाने होईल असं नाही. स्पीड टेस्टमध्ये दुसरा आकडा पाहा.

अपलोड अर्ध्यावर थांबत असेल तर या क्रमाने जा. कॉम्प्युटर झोपी तर जात नाही ना? पॉवर सेटिंग्जमध्ये झोपण्याची वेळ तात्पुरती बंद करा, लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवा. वनड्राइव्ह वापरत असाल आणि वाय-फाय ‘मीटर्ड’ (मोजून डेटा मिळणारं) म्हणून नोंदलेलं असेल तर ते आपणहून थांबतं. ती नोंद काढा. राउटर दूर असेल तर २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क घ्यायला राउटरच्या जवळ जा, किंवा सरळ केबल लावा. तरीही तुटत असेल तर ब्राउझरमधून ओढण्याऐवजी त्या सेवेचं कॉम्प्युटरवर बसणारं अ‍ॅप वापरा. ब्राउझरमधलं अपलोड तुटलं तर अनेकदा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, अ‍ॅप मात्र राहिलेल्या फाइलींपासून पुढे जातं.

लिंक उघडल्यावर समोरच्याला ‘परवानगी मागा’ असं दिसत असेल तर दोष तुमच्या बाजूला आहे. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल पहिल्यापासून ‘रिस्ट्रिक्टेड’ असते. ‘शेअर’मध्ये जाऊन ‘एनीवन विथ द लिंक’ आणि ‘व्ह्यूअर’ करा. विशिष्ट माणसालाच द्यायची असेल तर त्यांच्या ज्या इमेलला परवानगी दिली, त्याच खात्याने त्यांनी लॉग-इन केलेलं हवं. दोन खाती असलेली माणसं इथे हमखास अडकतात. आणखी एक चूक म्हणजे ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलून पाठवणं. ‘कॉपी लिंक’ बटणच वापरा. पाठवण्याआधी ती लिंक ब्राउझरच्या खाजगी विंडोत उघडून पाहा. तिथे तुम्ही लॉग-इन नसता, त्यामुळे समोरच्याला जे दिसणार तेच दिसतं. दहा सेकंदांची ही तपासणी पुढची सगळी विचारपूस वाचवते.

समोरचा माणूस ड्राइव्हचा मोठा फोल्डर डाउनलोड करतो तेव्हा त्याला एकाऐवजी अनेक झिप मिळू शकतात. मोठा फोल्डर ड्राइव्ह सुमारे दोन-दोन जीबींचे तुकडे करून देतं. ‘निम्मेच फोटो आले’ ही तक्रार आली की सगळे झिप उतरवून उघडलेत का ते विचारा.

आणि सर्वांत महाग पडणारी गैरसमजूत: ‘वर चढवलेत, आता कॉम्प्युटरवरून पुसू’. सिंक केलेल्या, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीशी जोडलेल्या, फोल्डरमधून पुसलेली फाइल सर्व्हरवरूनही जाते, लिंकही रिकामी होते. ड्राइव्हच्या आणि वैयक्तिक वनड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस असते, आयक्लाउड फोटोजमध्येही साधारण तेवढेच. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. तेवढ्यात लक्षात आलं तर परत मिळते.

घरातल्या घरात: दुसरा कॉम्प्युटर, टीव्ही, पेनड्राइव्ह

विंडोजमधला होमग्रुप २०१८ च्या १८०३ आवृत्तीत काढून टाकला गेला. जुन्या सूचनांमध्ये तो शोधत बसू नका. आता फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘शेअरिंग’मधून वाटणी करायची असते. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नसतील तर दोन्हींवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू आहे का ते पाहा. एक जण राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल तर काहीही केलं तरी दिसणार नाही, कारण ते मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. दिसतो पण पासवर्ड चालत नाही, तर तुम्ही बहुधा पिन टाइप करत आहात. पिन फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

नेटवर्कवरची जुनी हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर ती एसएमबी १ या जुन्या भाषेत बोलणारी असू शकते. २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती भाषा नसते. पुन्हा चालू करता येते, पण करू नका. त्याच वर्षी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून पसरला होता. डिस्कचं सॉफ्टवेअर अपडेट करा, नाहीतर फोटो यूएसबीने काढून घ्या.

पेनड्राइव्हवर ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो आणि जागा तर भरपूर दिसते, तेव्हा तो फॅट३२ पद्धतीचा असतो. त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. सुटे फोटो जातात, मोठा झिप किंवा व्हिडिओ अडतो. तो एक्सफॅट या पद्धतीने फॉर्मॅट करून घ्या. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो. फॉर्मॅटने आतलं सगळं पुसलं जातं, हे धरून चला. एनटीएफएस पेनड्राइव्ह मॅकवर वाचता येतो, पण त्यावर लिहिता येत नाही. टीव्ही आणि फोटो फ्रेम मात्र जुन्या वळणाच्या, त्यांना फॅट३२ आणि साधा जेपीजीच द्यावा. काही फ्रेम ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपीजी दाखवत नाहीत. फोटो पुन्हा सेव्ह करताना ती टिक काढली की दिसतो.

आडवे फोटो, फिके रंग, विचित्र नावं

उभा फोटो आडवा दिसतो, कारण कॅमेरा चित्र फिरवत नाही, फक्त ‘हे असं फिरवून दाखवा’ अशी खूण फाइलमध्ये लिहितो. ती खूण न वाचणारं उपकरण फोटो आडवाच दाखवतं. फोटो प्रत्यक्ष फिरवून नव्या नावाने सेव्ह करा. रंग फिके पडत असतील तर कॅमेरा ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ या रंगपद्धतीवर आहे का ते पाहा. पाठवायच्या फोटोंसाठी एसआरजीबीच ठेवा.

फाइलींना देवनागरीत नावं देणाऱ्यांची एक खास अडचण. झिपची मूळ पद्धत देवनागरी ओळखत नाही. नवी पद्धत ओळखते, पण समोरचा प्रोग्रॅम जुना असेल तर ‘सहल’च्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. फोटो शाबूत असतात, फक्त नावं बिघडतात. झिप करायच्या फाइलींना रोमन अक्षरं आणि आकडे द्या, देवनागरी नाव बाहेरच्या फोल्डरला आणि इमेलच्या विषयाला ठेवा. विंडोजवर सगळे फोटो निवडून एफ२ दाबा आणि एक नाव लिहा, पुढे क्रमांक आपोआप लागतात. मात्र त्याआधी यादी ‘डेट टेकन’प्रमाणे लावून घ्या. ‘डेट क्रिएटेड’ ही कॉपी केल्याची तारीख असते, तिच्यावर क्रम लावलात तर मुंज लग्नानंतर येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलीत मूळ तारीख नसतेच, तिथे क्रम हातानेच लावावा लागतो.

फोटोबरोबर पत्ताही जातो

फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना ते निघून जातात, पण इमेलने, लिंकने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलीत राहतात. घरच्यांना पाठवताना त्याने काही बिघडत नाही. अनोळखी खरेदीदाराला जुन्या वस्तूचे फोटो पाठवताना मात्र घराचा ठिकाणा आपणच देतो. विंडोजवर जेपीजी फोटो निवडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’वर जा, तळाशी ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फॉर्मेशन’ आहे. तिथे सगळी माहिती काढून नवी प्रत करण्याचा पर्याय घ्या. म्हणजे तुमच्याकडच्या मूळ फोटोतली तारीख आणि जागा तशीच राहते. मॅकवर ‘कन्व्हर्ट इमेज’च्या खिडकीत ‘प्रिझर्व्ह मेटाडेटा’वरची टिक काढली की तेच काम होतं.